बॉबिनच्या डब्यातली साखर

त्या दुपारी एकाच शर्टाची बाही दुसऱ्यांदा उसवताना तिला कळून चुकलं, की आज आपल्या हातून काही धड शिवलं जाणार नाही. दोरा तुटत होता, सुई भलतीकडे जात होती आणि दोन्ही कान आतल्या खोलीकडे लागले होते. आत सासरे येरझाऱ्या घालत होते. चपला ओढत चालायची त्यांची सवय, त्यामुळे ते खिडकीशी आहेत की दाराशी, हे तिला मान वर न करता कळायचं. आवाज थांबला की तिचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबायचा. आवाज सुरू झाला की ती सुटकेचा श्वास टाकून पुन्हा शिवायला लागायची. बरेच दिवस हे असंच चाललं होतं.

तिला एकच भीती होती आणि ती कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. आपण या माणसाला रोज चहातून काहीतरी भलतंच पाजतोय की काय?

सासऱ्यांची उभी हयात लिफ्टमध्ये गेली होती. एका मोठ्या दुकानाची लिफ्ट ते चालवायचे. दिवसभर वर-खाली, वर-खाली. ‘माझ्याइतका वर गेलेला माणूस या गल्लीत दुसरा नाही,’ हा त्यांचा ठरलेला विनोद आणि त्यावर सगळ्यांच्या आधी तेच हसायचे. पुढे दुकानात बटण दाबून आपली आपण चालणारी लिफ्ट आली आणि ते घरी आले. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही, हा दुसरा विनोद. तो मात्र त्यांना फारसा आवडत नसे. पायांना बसायची सवय नव्हती, म्हणून ते घरभर फिरत राहायचे आणि कुणी आत आलं की सवयीने बाजूला सरून दार धरायचे.

मग त्यांच्या रक्तात साखर निघाली. मुलगा, म्हणजे तिचा नवरा, वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होता. दुकानादुकानात जाऊन तराजू खोटं बोलतो का ते बघायचं, हा त्याचा धंदा. असल्या माणसाच्या बापाला मधुमेह झाल्यावर घराचं काय होणार? गोळ्या सुरू झाल्या, बोट टोचून साखर मोजायचं मशीन आलं. जेवण वाटीने मोजून मिळायला लागलं. आणि पहिल्याच दिवशी घरातली सगळी साखर हद्दपार झाली. निळ्या झाकणाचा भरलेला डबा त्याने तिच्या हाती दिला आणि म्हणाला, “वरच्या मास्तरीणबाईंना देऊन टाक.” वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई काही ना काही उसनं न्यायला दिवसाआड यायच्याच. एवीतेवी साखर त्यांच्याकडेच जायची, या वेळी डब्यासकट गेली एवढंच.

साखर गेली त्याचं तिला दुःख नव्हतं. पण साखरेबरोबर दुपार गेली. नवरा कामावर गेला की घरात दोघंच. ती या घरात आली तेव्हा सासूबाई नव्हत्या. कुठल्या नळाला पाणी कधी येतं इथपासून ते नवऱ्याचा राग किती वेळ टिकतो इथपर्यंत सगळं तिला सासऱ्यांनीच शिकवलं होतं. दुपारच्या चहाला ती मशीन थांबवायची, ते शेजारच्या स्टुलावर बसायचे आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायचे. कोण कुणावर रुसून वेगळ्या मजल्यावर उतरलं, कोण उंचीला घाबरून डोळे मिटून उभं राहायचं. त्या गोष्टी ऐकता ऐकता तिच्या हातून कितीतरी पँटी लहान-मोठ्या होऊन गेल्या होत्या. आता ते बिनसाखरेचा चहा एका दमात ढोसायचे, कप ठेवायचे आणि उठून जायचे. घर असं मुकं झालं की तिला मशीनचा आवाजसुद्धा नकोसा व्हायचा.

एकदा ती बटणं आणायला गेली असताना रस्त्यातल्या रोपवाटिकेपाशी थांबली. तिथल्या माळ्याने एका साध्याशा रोपाचं पान तोडून तिच्या हातावर ठेवलं. “चावून बघा.” तिने चावलं आणि ती तिथेच उभी राहिली. पान चक्क गोड होतं, आणि गिळल्यावरही बराच वेळ जिभेवर रेंगाळत होतं. “स्टीव्हिया,” माळी म्हणाला. “यात साखर अजिबात नाही, नुसती गोडी. बुडाशी पाणी साचू देऊ नका. आणि कळी दिसली की खुडा. एकदा का फुललं, की पाल्याची चव गेली म्हणून समजा.”

ती कुंडी कडेवर घेऊन घरी आली, मूल आणावं तशी. लपवाछपवी तिच्या मनातही नव्हती. त्याच दिवशी तिने मूठभर ताजी पानं चहात उकळली आणि कप मोठ्या हौसेने सासऱ्यांपुढे ठेवला. चहा हिरवट झाला होता. सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि धावत जाऊन मोरीत थुंकला.

“पाला उकळून देतेस? मी काय शेळी आहे?”

“बाबा, गोड आहे तो.”

“गोड असेल नाही तर सोन्याचा असेल! पुन्हा असलं काही माझ्या कपात दिसलं ना, तर चहाच सोडीन.”

सोडलाही असता. हट्टाला पेटले की त्यांना कुणी आवरू शकत नसे. म्हणून तिने तोंड बंद केलं आणि हात चालू ठेवले. फांद्या तोडून पाण्यात ठेवल्या, मुळं फुटल्यावर दुसऱ्या कुंडीत लावल्या. खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्यांची रांग झाली. पानं उन्हात वाळवली की काळी पडतात, सावलीत हिरवी राहतात, हे ती चुकत चुकत शिकली. कपडे बेतायच्या कागदावर ती पानं पसरायची. कुरकुरीत झाली की हाताने चुरायची, चाळायची आणि उरलेल्या मलमलीच्या तुकड्यांच्या बोटभर पुरचुंड्या शिवून त्यात भरायची. एका कपाला एक पुरचुंडी. गरम चहात बुडवायची, जरा थांबायचं आणि काढायची. जास्त वेळ ठेवली की चव बिघडते. तिने कितीतरी कप स्वतः पिऊन पाहिले. तोंडाची चव जाईपर्यंत प्यायली म्हणा ना! पुरचुंड्या मशीनजवळच्या बॉबिनच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, कारण त्या डब्याला तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे.

जमलं त्या दुपारी तिने पुरचुंडी काढून घेतली, डबा घाईने बंद केला आणि कप पुढे केला. सासऱ्यांनी नेहमीसारखा एका दमात प्यायला कप उचलला आणि पहिल्या घोटालाच थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग बॉबिनच्या डब्याकडे. मग दाराकडे.

“सूनबाई,” ते हळूच म्हणाले, “दार लावलंय ना?”

खरं सांगायला तिने तोंड उघडलं होतं. पण सासरे स्टुलावर बसले. किती दिवसांनी बसले! पाय लांब करून, डोळे बारीक करून ते म्हणाले, “एकदा काय झालं, एक बाई लिफ्टमध्ये शिरल्या आणि उतरायलाच तयार होईनात...” आणि तिने उघडलेलं तोंड मिटलं. सगळं काही तिथेच बिनसलं.

त्या दिवसापासून रोजचा तो कार्यक्रमच झाला. चहाची वेळ झाली की ती दाराकडे नजर टाकायची, डब्याचं झाकण आवाज न करता काढायची, पाठ करून कपाशी काहीतरी करायची. सासरे तोवर व्हरांड्यात जाऊन मुलगा लवकर तर येत नाही ना, म्हणून पहारा द्यायचे. डब्यात साखर आहे, असं ते धरून चालले होते. डबा कधी उघडून पाहिला नाही. चोरीत वाटा घेणाऱ्याने चोराची पिशवी तपासायची नसते, इतपत रीत ते सांभाळत होते.

गंमत म्हणजे कुंड्यांना पाणी तेच घालायचे. फेऱ्या मारता मारता तांब्या घेऊन यायचे. ती शोभेची झाडं आहेत, अशी त्यांची समजूत. आणि ती कळ्या खुडताना दिसली की त्यांना वाईट वाटायचं.

“फुलू दे की त्याला एकदा. काय घोडं मारलंय त्याने तुझं?”

“वाढ चांगली होते हो, बाबा.”

“नुसती वाढ होऊन काय करायचंय? माझ्यासारखं होईल, वर वर जाईल नुसतं!”

असे छान दिवस गेले. मग सासऱ्यांची पँट ढिली झाली. तिने कंबर आत घेतली. ते म्हणाले, आत एक चोरखिसाही लावून दे, सुट्टे ठेवायला. तिने लावला. पुन्हा पँट ढिली झाली, पुन्हा कंबर आत घेतली. टाचण्या लावताना त्यांच्या बरगड्या तिच्या हाताला लागल्या. ताटातलं अर्धं जेवण ते “पोट भरलं” म्हणून बाजूला सारायला लागले होते. चहानंतर थोड्या वेळाने त्यांना घाम फुटायचा. कप धरलेला हात थरथरायचा. विचारलं तर म्हणायचे, “वय झालं गं, लिफ्टचीसुद्धा दोरी सैल पडते.”

नवरा मात्र खूश. मशीनवरचे आकडे उतरत होते. “पाहिलंस? मोजून खाल्लं की असं होतं,” तो म्हणायचा. तिच्या मनात पानांचं भूत शिरलं होतं. माळ्याने दिलं ते रोप खरंच तेच कशावरून? दिसायला सारखं पण वेगळंच काही असलं तर? रोज पीत होते, रोज खंगत होते. डॉक्टरांना विचारावं तर आधी चोरी कबूल करावी लागणार, आणि डब्यात साखर नाहीच, हे सासऱ्यांना कळणार. आदल्या दिवशी तिने त्यांच्या खोकल्याला गोड नको, असं निमित्त करून डबा उघडलाच नाही, साधा चहा दिला. त्यांनी कपाकडे असं पाहिलं, जसं काही तिने दार त्यांच्या तोंडावर लावलं. पण त्या दिवशी घाम नाही, थरथर नाही. संध्याकाळी चांगले जिन्याने वरखाली करून आले. मग तर तिची खात्रीच पटली. पान दिलं की बिघडतात, नाही दिलं की बरे. यापेक्षा स्पष्ट आणखी काय हवं?

म्हणून आज सकाळपासून तिने ठरवलं होतं. आज पुरचुंडी नाही. संध्याकाळी नवरा आला की सगळं सांगायचं, कुंड्या उपटून टाकायच्या, मग घरात काय व्हायचं ते होवो. ठरवून झालं तरी जीव थाऱ्यावर नव्हता. ती उठत होती, खिडकीशी जात होती, पानं हातात घेऊन वास घेत होती, परत बसत होती. बाही उसवत होती.

चपलांचा आवाज तिच्या खोलीच्या दाराशी आला.

“झाली का वेळ?” सासरे स्टुलावर बसले. चेहरा उतरलेला, पण डोळे एखाद्या लबाड पोरासारखे. “कालचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी होतं गं. आज आहे ना?”

“बाबा, आज राहू द्या ना.”

“का? कळलं का त्याला?”

“नाही, तसं नाही...”

“मग दे की. मी तुला त्या पिंजरेवाल्याची गोष्ट सांगतो. एक गृहस्थ रिकामा पिंजरा घेऊन लिफ्टमध्ये शिरले. वरच्या मजल्यावर गेले. आणि खाली आले तेव्हा पिंजऱ्यात...” ते थांबले आणि कपाकडे पाहत राहिले. गोष्ट पुढे हवी असेल तर आधी चहा, असा त्यांचा सौदा असायचा.

ही शेवटची, असं मनाशी म्हणत तिने पुरचुंडी बुडवली. आयुष्यात माणूस जेवढ्या म्हणून चुका करतो, त्यातल्या निम्म्या तरी ‘ही शेवटची’ म्हणतच करतो. सासऱ्यांनी चहा संपवला, पण गोष्ट काही पुढे गेली नाही. “जरा आलोच,” म्हणून ते आत गेले आणि नेहमीसारखी आतून कपाट उघडल्याची करकर आली. मग पुन्हा चपला सुरू झाल्या.

दिवे लावायच्या सुमाराला चपला थांबल्या. ती वाट पाहत राहिली. आवाज आला नाही. ती मशीन सोडून धावली.

सासरे कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून ताठ उभे होते. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. एक हात भिंतीवर फिरत होता, जणू तिथे लिफ्ट चालवायचा दांडा होता.

“कुठला मजला?” त्यांनी तिला विचारलं.

“बाबा, मी आहे.”

“सांभाळून उभ्या राहा बाई. दार लागतंय.” त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. गुडघे वाकले आणि ते भिंतीला घासत खाली बसले.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो पलीकडून ओरडला, “आधी बोट टोच, आकडा सांग!” आकडा इतका खाली होता की आपण मशीन उलटं तर धरलं नाही ना, म्हणून तिने ते फिरवून पाहिलं. “साखर उतरलीय,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता तसा झाला. “गोड दे काहीतरी. पटकन! मी निघालो.”

गोड. तिचे पाय आपोआप शिवणाच्या मशीनकडे धावले. इतके दिवस या घरात गोड म्हणजे एकच जागा होती. सकाळपासून जिला ती विष म्हणत होती तीच पुरचुंडी, एक नाही, दोन नाही, हाताला लागल्या तेवढ्या पुरचुंड्या तिने थर्मासमधल्या गरम पाण्यात पिळल्या. घाबरलेल्या माणसाचं डोकं थांबतं आणि हात सवयीने चालत राहतात. फुंकर मारत तिने कप त्यांच्या ओठांना लावला. ते दोन घोट प्यायले आणि त्यांनी तोंड वाकडं केलं.

“कडू,” ते पुटपुटले.

पाला जास्त झाला की कडू होतो. तिला ठाऊक होतं. यात साखर अजिबात नाही, नुसती गोडी, हेही ठाऊक होतं. माळ्याचा तो आवाज तिला आत्ता कानाशी बोलल्यासारखा ऐकू आला. घरभर गोड ठेवून तिने घरात साखरेचा एक दाणा ठेवला नव्हता.

कप तिथेच आदळून ती अनवाणी जिना चढली. मास्तरीणबाईंचं दार उघडंच होतं.

“साखर! बाई, साखर द्या!”

जन्मभर इतरांकडे मागत आलेल्या मास्तरीणबाईंनी एक प्रश्न विचारला नाही. आतून निळ्या झाकणाचा डबा घेऊन त्या तिच्या मागोमाग धावत खाली आल्या. “तुझाच आहे गं,” जिन्यात धापा टाकत म्हणाल्या, “परत द्यायचा राहिलाच होता.”

मास्तरीणबाईंनी सासऱ्यांचं डोकं धरलं. तिने पाण्यात साखर विरघळवली, चमच्याने थोडं थोडं पाजलं. गिळा बाबा. अजून एक. गिळा. अर्धं हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. ती चमचा भरत राहिली आणि तोंडाने काय बोलत होती ते तिचं तिला कळत नव्हतं. पाणी संपलं, तिने पुन्हा साखरपाणी केलं. हळूहळू त्यांचा भिंतीवर फिरणारा हात मांडीवर आला. नजर तिच्या चेहऱ्यावर येऊन टेकली. त्यांनी ओठ चाटले.

“सूनबाई,” ते क्षीण आवाजात म्हणाले, “आज जरा जास्त घातलीस.”

ती मास्तरीणबाईंच्या देखत ढसाढसा रडली.

नवरा आला तो गाडी घेऊनच. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना ठेवून घेतलं. गोळी अंगात असेपर्यंत साखर पुन्हा उतरू शकते, म्हणाल्या. मग विचारलं, गोळी किती घेता? सासरे छताकडे बघत राहिले. त्यांची ओली पँट घडी करताना तिच्या बोटांना चोरखिशात काहीतरी टोचलं. गोळ्यांची रिकामी पाकिटं. तिने स्वतःच्या हाताने शिवलेल्या खिशात.

तिने ती पाकिटं डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली, आणि मग अर्ध्या जेवणाचं आणि स्टीव्हियाचंही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “पानांचा काही दोष नाही. गोळ्या दुप्पट आणि जेवण निम्मं, मग दुसरं काय होणार?” नवऱ्याने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. “वजन-माप बघणारा मी,” तो म्हणाला, “आणि माझ्याच घरात मला कुणी काही सांगत नाही.” तो औषध आणायला निघून गेला. त्याचे डोळे भरलेले तिने पाहिले.

दोघंच राहिल्यावर सासऱ्यांनी तिला खुणेने जवळ बोलावलं. डॉक्टरीणबाईंशी बोलताना तिने आवाज खाली ठेवला होता, त्यांनी सगळं ऐकलं नव्हतं.

“डबा लपवलास ना?”

“बाबा, कशाला घेतल्यात जास्तीच्या गोळ्या?”

“अगं, तू माझ्यासाठी चोरी करायचीस. ती निस्तरायला नको का मी? तू साखर चढवायचीस, मी दुकानातून जास्तीच्या गोळ्या आणून उतरवायचो. आकडे चांगले आले म्हणजे तुझ्यावर कोण संशय घेणार?” त्यांना हे सांगताना जरा अभिमानच वाटत होता. “जेवणही कमी केलं. चहा सुटायला नको, एवढंच.”

आता गप्प राहणं तिला शक्य नव्हतं. एकदा गप्प राहून काय झालं ते समोर पडलं होतं.

“बाबा, त्यात साखर नव्हती.”

“कशात?”

“डब्यात. खिडकीतल्या कुंड्या आहेत ना, त्यांचा पाला होता. तुम्ही थुंकला होतात तोच.”

त्यांनी उशीवरून मान उचलली. “एक दिवससुद्धा नाही?”

“एक दिवससुद्धा नाही.”

“म्हणजे माझ्या तोंडाला पानं पुसलीस,” ते म्हणाले. विनोद चांगला होता. पण स्वतःच्या विनोदावर ते हसले नाहीत, असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

ते घरी आले, तब्येत सुधारली, पँटीची कंबर तिने पुन्हा बाहेर काढली. नवऱ्याने साखरेची एक पुडी आणून ‘फक्त अडचणीला’ असं मोठ्या अक्षरांत लिहून कपाटात ठेवली. सगळं जिथल्या तिथे झालं. एक सोडून. सासरे बसून राहायला लागले. जे पाय जन्मात थांबले नव्हते ते खुर्चीखाली निमूट जोडलेले असायचे. चहा बिनसाखरेचा प्यायचे. तिच्यावर रागावले असते, भांडले असते तरी चाललं असतं. ते नुसते अदबीने वागायचे. “ठेव तिथे, घेतो,” म्हणायचे, लिफ्टमधल्या परक्या माणसाशी बोलावं तसं. चपलांचा आवाज नाही म्हणून तिला आधी भीती वाटायची, आता आवाज नाही याची चीड यायला लागली. ती मुद्दाम कात्री पाडायची, मुद्दाम दार आपटायची. ते मान वर करत नसत.

डबा तिने उघडला नाही. कुंड्यांकडेही पाहिलं नाही. कुणासाठी पाहायचं? पाणी कधीमधी नवरा घालायचा, मोजून.

सुट्टीच्या दिवशी दुपारी नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. ती मशीनवर एका कोटाचं अस्तर लावत होती. तेवढ्यात तिला तो आवाज आला. चपला. एक फरफट, मग थोडं थांबून दुसरी. तिने मशीन थांबवलं. सासरे तिच्या मागून खिडकीशी गेले.

झाडांना फुलं आली होती. बारीक, पांढरी, टाचणीच्या डोक्याएवढी. इतके दिवस तिने येऊ दिली नव्हती ती सगळी एकदम आली होती.

“फुलू दिलंस?” ते म्हणाले.

“हो.”

“मग आता पाला?”

“वाया जाईल. चव जाते फुलल्यावर. म्हणून खुडत होते.”

ते फुलांकडे पाहत राहिले. “मला चहाचं वाईट वाटलं नाही गं,” ते पाठमोरेच म्हणाले. “साखरेचंही नाही. मला वाटायचं, या घरात सगळं मोजूनमापून आहे, पण एक माणूस आपल्यासाठी नियम मोडतंय. त्यावर मी दिवस काढत होतो.”

“मोडतच होते,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. “तुम्हाला खोटं सांगायचं नाही, हा माझा नियम होता. रोज मोडत होते. का, तर तुम्ही दोन घटका शेजारी बसाल म्हणून. तुम्ही आत मरत होतात आणि मला वाटत होतं, मीच मारतेय तुम्हाला. कुणाला सांगणार होते मी?”

बाहेर पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला. सासऱ्यांचा हात कुंडीकडे गेला. अंगठ्याच्या नखाने त्यांनी एक फूल खुडलं. मग दुसरं. मन लावून, एकेका फांदीवरून, जसं ती करायची तसं. खुडलेली फुलं त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली.

“जुनी पुरचुंडी आहे का एखादी?”

“आहे.”

“मग टाक चहा. पण आधीसारखा.”

“आधीसारखा म्हणजे?”

“दार बघून,” ते म्हणाले.

ती उठली. तिने दाराकडे पाहिलं. नवऱ्याची पेपरामागची टाळू चांगली दिसत होती. तिने झाकण आवाज न करता काढलं, पाठ करून पुरचुंडी बुडवली, काढली, कप पुढे केला. सासरे स्टुलावर बसले. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंडात बराच वेळ धरून ठेवला.

“मागून जरा कडसर लागतं,” ते म्हणाले.

“आधीपण लागायचं?”

“रोज.” त्यांनी आवाज खाली आणला. “मला वाटायचं, चोरीची साखर अशीच लागत असेल.”

ती हसली, आणि हसता हसता तिला अस्तर डोळ्यांना लावावं लागलं. बाहेरून नवऱ्याने हाक मारली, “काय चाललंय दोघांचं?”

“काही नाही,” दोघं एकदम म्हणाले.